दुसऱ्या भेटीचा प्रश्न : लुसाकातील गर्भाशयमुख कर्करोग तपासणीचे एक प्रकरण

झांबियात २००४-०५ च्या सुमारास सरकारी दवाखान्यांतून एचआयव्हीवरील एआरटी औषधे मोठ्या प्रमाणावर आणि मोफत मिळू लागली, आणि ज्यांच्या हाती आता थोडेच दिवस उरले आहेत असे घरच्यांनी धरून चालले होते अशा राजधानी लुसाकातील हजारो स्त्रिया पाहता पाहता पुन्हा कामाधंद्याला लागल्या. २००७ च्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील सुमारे १६ टक्के स्त्रिया एचआयव्हीसह जगत असल्याचे दिसले होते, म्हणजे जवळजवळ दर सहा जणींमागे एक. त्यामुळे औषधांचा हा परिणाम घराघरांत जाणवण्याइतका मोठा होता. मात्र याच यशाच्या पोटात एक अडचण वाढत होती. पूर्वी एड्सने अकाली मृत्यू ओढवत असल्यामुळे गर्भाशयमुखातील कर्करोगपूर्व बदलांना पूर्ण कर्करोगापर्यंत पोहोचायला वेळच मिळत नसे. आता स्त्रिया जगणार होत्या, आणि त्यांच्यासोबत ते बदलही.

ही भीती किती खरी आहे हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासाने दाखवून दिले. लुसाकातील एचआयव्ही केंद्रांत उपचारासाठी येणाऱ्या, गरोदर नसलेल्या १५० स्त्रियांची ओळीने तपासणी केली गेली. त्यांपैकी ११४ जणींच्या, म्हणजे ७६ टक्के स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या पेशींत विकृती आढळली. ४९ जणींत ती तीव्र स्वरूपाची होती, तर ३० जणींच्या पेशी थेट कर्करोगाचा संशय यावा अशा होत्या. कर्करोगाला कारणीभूत ठरणारे एचपीव्ही विषाणूचे प्रकार १२८ जणींत सापडले. या स्त्रिया गर्भाशयमुखाची तक्रार घेऊन आलेल्या नव्हत्या. त्या एचआयव्हीच्या नेहमीच्या उपचारांसाठी आल्या होत्या. अशा गटात दर पाच जणींमागे एकीवर कर्करोगाचा संशय येतो, ही बाब कोणत्याही आरोग्य खात्याची झोप उडवणारी होती.

या दोन विषाणूंचे नाते आता बऱ्यापैकी उलगडले आहे. एचपीव्हीची लागण बहुसंख्य स्त्रियांना आयुष्यात केव्हा ना केव्हा होते आणि शरीराची प्रतिकारशक्ती एक-दोन वर्षांत ती परतवूनही लावते. एचआयव्हीमुळे सीडी४ पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीचा कणा असलेल्या रक्तपेशी, घटल्या की हे परतवणे जमत नाही, विषाणू ठाण मांडून बसतो, आणि एरवी १५ ते २० वर्षे घेणारा कर्करोगाचा प्रवास उपचार न मिळालेल्या स्त्रीमध्ये ५ ते १० वर्षांत उरकू शकतो. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे सहापट असतो असा आजचा अंदाज आहे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने १९९३ सालीच या कर्करोगाला एड्सनिदर्शक आजारांच्या यादीत घातले होते. यादीत नाव आले म्हणून आफ्रिकेतल्या एआरटी केंद्रात तपासणीचे टेबल मात्र आले नाही. त्यासाठी आणखी तेरा वर्षे जावी लागली.

पॅप स्मिअर का नको

श्रीमंत देशांनी हा कर्करोग आटोक्यात आणला तो पॅप स्मिअरच्या जोरावर. त्या पद्धतीला लागणारी साखळी मोठी असते. डॉक्टर किंवा नर्स गर्भाशयमुखाच्या पेशींचा नमुना घेते, काचपट्टी प्रयोगशाळेत जाते, प्रशिक्षित तंत्रज्ञ ती वाचतो, शंका आल्यास विकृतिशास्त्रज्ञ पाहतो, अहवाल परत येतो, स्त्रीला बोलावले जाते, मग दुर्बिणीतून तपासणी, मग बायोप्सी, मग पुन्हा अहवाल आणि त्यानंतर कुठे उपचार. झांबियात त्या काळी विकृतिशास्त्रज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. साखळीतील प्रत्येक कडीला काही आठवडे लागणार आणि प्रत्येक कडीला काही स्त्रिया गळणार, हे उघड होते.

म्हणून लुसाकात निराळा मार्ग धरला गेला. अलाबामा विद्यापीठातून आलेले स्त्रीकर्करोगतज्ज्ञ ग्रोएसबेक पार्हम आणि झांबियाचे स्त्रीरोगतज्ज्ञ मुलिंदी म्वानाहामुंतु यांनी ‘सीआयडीआरझेड’ ही लुसाकातील संशोधन संस्था, युनिव्हर्सिटी टीचिंग हॉस्पिटल आणि झांबियाचे आरोग्य मंत्रालय यांच्या सहकार्याने २००६ मध्ये दोन सरकारी प्राथमिक दवाखान्यांत काम सुरू केले. पैसा मुख्यतः अमेरिकेच्या ‘पेपफार’ या एचआयव्ही निधीतून आला. स्वतंत्र कर्करोग केंद्र बांधण्याच्या भानगडीत न पडता, ज्या आवारात एआरटी मिळते त्याच आवारातील एखादी खोली तपासणीसाठी घ्यायची, ती प्रशिक्षित नर्सच्या ताब्यात द्यायची, आणि शक्य असेल तेथे तपासणी व उपचार एकाच भेटीत उरकायचे, अशी ही योजना होती.

सेवा सुरू झाली ती एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांची गरज डोळ्यांपुढे ठेवून, पण दार सगळ्याच स्त्रियांना उघडे ठेवले गेले. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. केवळ एचआयव्हीग्रस्तांसाठी म्हणून एखादी खोली असती, तर त्या खोलीच्या दारात उभे राहणे म्हणजे वस्तीसमोर आपले निदान जाहीर करणे झाले असते. सगळ्यांसाठी असलेल्या रांगेत कोण कशासाठी उभी आहे हे कोणाला कळत नाही.

खोलीत काय घडते

स्त्री आत येते, नर्स तिला काय करणार आहोत ते सांगते आणि टेबलावर झोपवते. योनिमार्ग उघडा धरणारे स्पेक्युलम हे साधन लावून गर्भाशयमुख दिसू लागले की त्यावर ३ ते ५ टक्के ॲसिटिक आम्लात, म्हणजे स्वयंपाकघरातील व्हिनेगरइतक्याच तीव्रतेच्या द्रावणात भिजवलेला कापसाचा बोळा लावला जातो. मग मिनिटभर, कधी दोन मिनिटे, थांबायचे. निरोगी पेशी गुलाबी राहतात. ज्या पेशींत बदल सुरू झालेले असतात, तो भाग पांढरा पडतो. त्याच्या कडा स्पष्ट असतील आणि तो गर्भाशयमुखाच्या दोन प्रकारच्या आवरणांच्या सीमेला चिकटून असेल, तर तपासणी सकारात्मक, म्हणजे बदल आढळलेली, धरली जाते. या पद्धतीला व्हीआयए म्हणतात. सूज, जंतुसंसर्ग किंवा साध्या भरत आलेल्या जखमेमुळेही पांढरट छटा येते, त्यामुळे सारे काही पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असते आणि नजर सवयीने बदलते. एकटीच काम करणारी नर्स काही महिन्यांत एक तर प्रत्येक पांढऱ्या ठिपक्याला घाबरू लागते किंवा सगळ्याकडे काणाडोळा करू लागते.

यावर लुसाकाने काढलेला उपाय म्हणजे बाजारात मिळणारा साधा डिजिटल कॅमेरा. व्हिनेगर लावल्यावर नर्स गर्भाशयमुखाचा फोटो काढते आणि तो पडद्यावर मोठा करून पाहते. निर्णयाबाबत शंका असेल तर तो फोटो दूर बसलेल्या डॉक्टरकडे पाठवून मत घेतले जाते. शिवाय दर आठवड्याला सर्व दवाखान्यांतील नर्स एकत्र जमून त्या आठवड्यातील फोटो डॉक्टरांसोबत पाहत आणि कोणता निर्णय बरोबर, कोणता चुकला यावर चर्चा करत. डॉक्टर प्रत्येक खोलीत हजर राहू शकत नव्हते. फोटोंमुळे त्यांची देखरेख मात्र प्रत्येक खोलीपर्यंत पोहोचली. कॅमेऱ्याचा आणखी एक उपयोग निदानाइतकाच मोलाचा होता. टेबलावरून उठलेल्या स्त्रीला तिचे स्वतःचे गर्भाशयमुख पडद्यावर दाखवले जाई. जन्मभर कोणी न दाखवलेला आपलाच अवयव आणि त्यावरचा पांढरा भाग पाहिल्यावर, काहीच दुखत नसताना उपचार का घ्यायचे हे वेगळे पटवून द्यावे लागत नसे.

पांढरा भाग गर्भाशयमुखाच्या तीन चतुर्थांशाहून लहान असेल, पूर्ण दिसत असेल, आतल्या नळीत शिरलेला नसेल आणि कर्करोगाची शंका नसेल, तर नर्स तेथेच क्रायोथेरपी करते. वायूने थंड केलेले धातूचे टोक त्या भागावर तीन मिनिटे दाबून धरायचे, पाच मिनिटे वितळू द्यायचे आणि पुन्हा तीन मिनिटे गोठवायचे. भूल लागत नाही. पुढचे काही आठवडे पाण्यासारखा स्राव होतो आणि महिनाभर संबंध टाळावा लागतो किंवा निरोध वापरावा लागतो. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रीसाठी ही शेवटची सूचना जास्त महत्त्वाची आहे, कारण जखम भरून येईपर्यंत जोडीदाराला लागण होण्याची शक्यता वाढू शकते. आणि हीच सूचना पाळायला सर्वांत अवघड आहे, कारण ती पाळण्याचा अधिकार अनेकदा तिच्या हाती नसतो.

स्त्रियांना दवाखान्यापर्यंत आणणे हे स्वतंत्र काम होते. तपासणीत गर्भाशय काढून घेतात, येथपासून यामागे काळी जादू आहे, येथपर्यंत अफवा होत्या. वस्तीतल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी, बाजारात आणि एआरटीच्या रांगेत बोलायला पाठवले गेले. झांबियात लग्न ठरलेल्या मुलींना संसाराचे आणि शरीरसंबंधांचे शिक्षण देणाऱ्या पारंपरिक मार्गदर्शक स्त्रिया असतात, त्यांना ‘अलांगिझी’ म्हणतात. पुढे त्यांनाही या कामात सामील करून घेतले गेले. ज्या विषयावर नर्स संकोचाने बोलते, तो विषय अलांगिझीचा रोजचाच असतो.

आकडे काय सांगतात

पहिल्या टप्प्यातील एचआयव्हीसह जगणाऱ्या ६,५७२ स्त्रियांचा हिशोब प्रसिद्ध झालेला आहे आणि या साऱ्या प्रकरणाचे मर्म त्यातच आहे. त्यांपैकी ३,५२३ जणींची, म्हणजे ५३.६ टक्के स्त्रियांची तपासणी सकारात्मक आली. यांतील २,०६२ जणी क्रायोथेरपीच्या निकषांत बसणाऱ्या होत्या, तर १,४६१ जणींचा पांढरा भाग मोठा होता, आत गेलेला होता किंवा कर्करोगाचा संशय होता, म्हणून त्यांना ऊतक तपासणीसाठी, म्हणजे बायोप्सीसाठी, पुढे पाठवावे लागले. पुढे पाठवलेल्यांपैकी १,०९५ जणी प्रत्यक्ष पोहोचल्या. अहवाल हाती आले ते ७१५ जणींचे. या ७१५ पैकी १५१ जणींत काही गंभीर नव्हते, २१४ जणींत सौम्य बदल होते, २३५ जणींत मध्यम ते तीव्र कर्करोगपूर्व बदल होते आणि ११५ जणींना कर्करोग झालेला होता. समाधानाची बाब अशी की, या ११५ पैकी ६९ टक्के स्त्रियांचा कर्करोग सुरुवातीच्या अवस्थेत होता. कार्यक्रम चालवणाऱ्यांनी गणिती प्रतिमान मांडून असा अंदाज काढला की, या तपासणीमुळे सुमारे १४२ मृत्यू टळले, म्हणजे दर ४६ तपासण्यांमागे एक. कोणत्याही कर्करोग तपासणी कार्यक्रमासाठी हे प्रमाण थक्क करणारे आहे. युरोपात एक मृत्यू टाळायला याच्या कितीतरी पट स्त्रिया तपासाव्या लागतात. लुसाकातील स्त्रियांत आजारच इतका दाटलेला होता.

मात्र त्या प्रसिद्ध आकड्यावर न थांबता मधल्या पायऱ्यांकडे पाहायला हवे. पुढे पाठवलेल्या १,४६१ जणींपैकी ३६६ जणी पोहोचल्याच नाहीत आणि पोहोचलेल्यांपैकी ३८० जणींचा अहवाल हिशोबात नाही. म्हणजे ७४६ स्त्रिया, निम्म्याहून किंचित अधिक, अशा आहेत की ज्यांच्याबद्दल नर्सने सर्वांत जास्त काळजी व्यक्त केली आणि ज्यांचे पुढे काय निघाले हे आकड्यांतून कळत नाही. अहवाल मिळालेल्यांत कर्करोगाचे प्रमाण १६ टक्के होते. तेच प्रमाण या ७४६ जणींना लावले, तर त्यांत सुमारे १२० कर्करोग निघतील. हा माझा ढोबळ हिशोब आहे. न पोहोचलेल्या स्त्रिया पोहोचलेल्यांपेक्षा कमी किंवा जास्त आजारी असू शकतात, त्यामुळे त्याला अंदाजापलीकडे वजन देऊ नये. तरीही अहवालानिशी जेवढे कर्करोग सापडले, साधारण तेवढेच हाताशी येऊन निसटले असण्याची शक्यता त्यातून दिसते.

ही गळती कोठे झाली हेही पाहण्याजोगे आहे. तपासणीच्या खोलीत, नर्सच्या हाताखाली ती झालेली नाही. ती झाली दवाखाना आणि रुग्णालय यांच्या मधल्या रस्त्यावर, आणि रुग्णालय व प्रयोगशाळा यांच्या मधल्या कागदांवर. दुसऱ्या भेटीसाठी मिनीबसचे भाडे लागते, दिवसाची मजुरी बुडते, घरी काय सांगायचे हा प्रश्न पडतो, आणि तोवर दुखत काहीच नसते.

येथे एक आक्षेप रास्त आहे. व्हीआयएत निम्म्याहून अधिक स्त्रिया सकारात्मक ठरतात आणि त्यांच्यातील अनेकींना बायोप्सीशिवाय गोठवण्याचा उपचार मिळतो, तर गरज नसलेल्यांवरही उपचार होणार हे नक्की. अहवाल मिळालेल्या ७१५ पैकी ३६५ जणींत, म्हणजे निम्म्याहून जास्त स्त्रियांत, तातडीच्या उपचाराची गरज पडावी असे काही नव्हते. आणि हा तर जास्त संशयित गट होता. ज्यांना तेथेच क्रायोथेरपी मिळाली त्यांच्यात अनावश्यक उपचारांचा वाटा आणखी मोठा असणार. शुद्ध वैद्यकीय शिस्तीच्या दृष्टीने हे खटकते. पण पर्याय काय होता? आधी बायोप्सी करून मगच उपचार करायचे ठरवले असते, तर ३,५२३ पैकी सर्वच जणींना त्या दुसऱ्या भेटीच्या वाटेला लावावे लागले असते, आणि त्या वाटेवर काय होते हे १,४६१ जणींच्या आकड्यांनी दाखवलेच आहे. काही आठवड्यांचा स्राव सोसावा लागणे आणि तीव्र बदल असलेली स्त्री कायमची हातची जाणे, या दोहोंत लुसाकाने पहिला तोटा पत्करला. त्या परिस्थितीत मलाही तोच बरोबर वाटतो.

कार्यक्रम पुढे दोनाचे बारा दवाखाने झाला. २०१३ पर्यंत लुसाका प्रांतात १,०२,९४२ स्त्रियांची तपासणी झाली. त्यांपैकी २८ टक्के एचआयव्हीसह जगणाऱ्या होत्या. नोंदी पूर्ण असलेल्या १,०१,८६७ जणींपैकी २०,४१९ जणी सकारात्मक ठरल्या. ११,५०८ जणींना क्रायोथेरपी मिळाली आणि ८,९११ जणींना पुढे पाठवले गेले. दर हजार स्त्रियांमागे सात कर्करोग सापडले. एवढ्या गरीब व्यवस्थेत, मुख्यतः नर्सच्या बळावर, लाखाचा टप्पा ओलांडणे ही मोठीच कामगिरी आहे. तरीही तेच दुखणे येथेही दिसते. पुढे पाठवलेल्या ८,९११ पैकी ऊतक तपासणीचे निष्कर्ष मिळतात ते ३,९३८ जणींचे, म्हणजे सुमारे ४४ टक्के. पहिल्या टप्प्यात हेच प्रमाण ४९ टक्के होते. दवाखाने सहापट झाले, पण साखळीतली ही कडी मजबूत झाली नाही. आणखी एक बारकावा असा की, एकाच भेटीत तपासणी आणि क्रायोथेरपी झाली ती एकूण स्त्रियांपैकी फक्त ५ टक्क्यांची, तर क्रायोथेरपी मिळालेल्या स्त्रिया एकूण ११ टक्क्यांहून अधिक होत्या. म्हणजे जेथे एका भेटीचे आश्वासन पाळता येण्याजोगे होते, तेथेही निम्म्याहून अधिक जणींना पुन्हा यावे लागले. ज्यांनी अशा दवाखान्यांत काम केले आहे त्यांना याची कारणे सांगावी लागत नाहीत. वायूची जड नळकांडी वेळेवर भरून येत नाहीत, यंत्र बिघडते, पाळी सुरू असते, किंवा नवऱ्याला विचारल्याशिवाय उपचार नको असे स्त्री म्हणते.

गोठवणे पुरेसे आहे का

उपचार झाला म्हणजे प्रश्न मिटला असेही या स्त्रियांबाबत म्हणता येत नाही. केनियात एचआयव्हीसह जगणाऱ्या ४०० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, क्रायोथेरपी मिळालेल्यांपैकी ३० टक्के स्त्रियांत दोन वर्षांच्या आत गंभीर बदल पुन्हा दिसले. विजेच्या तारेने तो भाग कापून काढण्याची ‘लीप’ शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण १९ टक्के होते. लीप अधिक परिणामकारक आहे, पण तिला भूल, वीज आणि जास्त कौशल्य लागते, आणि बहुतेक ठिकाणी तिच्यासाठी पुन्हा तीच दुसरी भेट येते. नळकांड्यांची कटकट मात्र आता कमी होत आहे. थर्मल ॲब्लेशनचे हातात धरण्याजोगे, बॅटरीवर चालणारे यंत्र सुमारे १०० अंश तापमानाने तो भाग अर्ध्या-पाऊण मिनिटात जाळते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याच्या वापराबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. लुसाकाच्या अनुभवातील निदान एक अडथळा यामुळे खरोखर दूर होतो.

पैशाबाबत थोडक्यात सांगायचे तर, हा कार्यक्रम एचआयव्ही निधीच्या खांद्यावर उभा राहिला आणि त्याची ताकद व कमजोरी दोन्ही तेथेच आहेत. २०११ मध्ये पेपफार, जॉर्ज बुश यांची संस्था, स्तनांच्या कर्करोगावर काम करणारे सुझन कोमेन प्रतिष्ठान आणि संयुक्त राष्ट्रांचा एड्सविषयक कार्यक्रम युएनएड्स यांनी मिळून ‘पिंक रिबन रेड रिबन’ उपक्रम सुरू केला आणि सुरुवात झांबियातून झाली. २०१८ पासून ‘गो फर्दर’ या नावाने तेच काम आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील आठ देशांत, एआरटी केंद्रांना जोडून, पसरवले गेले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एका आदेशाने स्थगित केली, तेव्हा अशा कार्यक्रमांचे नर्सचे पगार, फोटो पाठवण्याचे इंटरनेट आणि अहवालांची वाहतूक कोणत्या खात्यावर चालते, हा जुना प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला.

महाराष्ट्राने आधी दाखवलेले

व्हीआयए ही काही लुसाकाची देणगी नव्हे, आणि तिच्याबद्दलचा भक्कम पुरावा बऱ्याच अंशी आपल्याकडच्या स्त्रियांनी दिला आहे. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून झोपडवस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांवर चाचणी केली. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी व्हीआयए करत, आणि तपासणी मिळालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने, खेड्यांचे ५२ गट करून १,३१,७४६ स्त्रियांना सामील केले गेले. तेथे एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. एचपीव्ही गटात ३४ मृत्यू, तर नेहमीच्या सेवेच्या गटात ६४. एकदाच केलेल्या व्हीआयएने किंवा पॅप स्मिअरने मात्र मृत्यू लक्षणीय घटल्याचे तेथे सिद्ध झाले नाही. या चाचण्या सर्वसाधारण स्त्रियांवर होत्या. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांपुरते पाहायचे तर पुण्यात ‘प्रयास’ संस्थेच्या आरोग्य गटाने १,१०० हून अधिक स्त्रियांत व्हीआयए, पेशीतपासणी आणि एचपीव्ही चाचणी शेजारी शेजारी ठेवून तपासल्या आहेत. मराठवाड्याचा धडा आणि लुसाकाचा धडा एकत्र ठेवला, तर उत्तम चाचणी एचपीव्हीची आणि उत्तम व्यवस्था एका भेटीची, असे दिसते. पंचाईत अशी की या दोन्ही गोष्टी सहसा एकत्र नांदत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या उच्चाटनाचे धोरण मांडले, त्यात २०३० पर्यंत ७० टक्के स्त्रियांची ३५ व्या वर्षापर्यंत एकदा आणि ४५ व्या वर्षापर्यंत पुन्हा उच्च दर्जाच्या चाचणीने तपासणी व्हावी असे उद्दिष्ट आहे. २०२१ च्या सूचनांनुसार एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांची तपासणी २५ व्या वर्षापासून, दर तीन ते पाच वर्षांनी, शक्यतो एचपीव्ही डीएनए चाचणीने व्हावी आणि सकारात्मक आलेल्यांना आणखी एका पडताळणीतून नेऊन मग उपचार द्यावेत. पडताळणीची ही पायरी या गटासाठी मुद्दाम घातली आहे, कारण त्यांच्यात एचपीव्ही इतका सर्रास आढळतो की एकट्या त्या चाचणीवर विसंबले तर जवळजवळ प्रत्येकीवरच उपचार करावा लागेल. स्त्रीने नमुना स्वतःच घेण्याची सोय हा या चाचणीचा मोठा फायदा. टेबल आणि स्पेक्युलम नको म्हणून दूर राहणाऱ्या कितीतरी जणी त्यामुळे येऊ शकतात.

पण नमुना प्रयोगशाळेत गेला की अहवालाची वाट पाहणे आलेच, आणि लुसाकाने वीस वर्षांपूर्वी जी दुसरी भेट टाळण्यासाठी एवढा खटाटोप केला, ती नव्या चाचणीच्या पाठीवर बसून मागच्या दाराने आत येते. याला उतारा नाही असे नाही. क्षयरोगासाठी झांबियातील अनेक दवाखान्यांत आधीच बसवलेल्या जीनएक्स्पर्ट यंत्रावर एचपीव्हीची चाचणी साधारण तासाभरात होते. एआरटीसाठी आलेल्या स्त्रीने सकाळी नमुना दिला, औषधाच्या रांगेत ती उभी असेपर्यंत निकाल आला आणि त्याच आवारातील नर्सने पडताळणी व उपचार उरकले, तर चाचणीही उत्तम आणि भेटही एकच. यंत्र त्याच आवारात आहे की शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि क्षयरोगाच्या नमुन्यांच्या गर्दीत एचपीव्हीच्या नमुन्याला त्याच दिवशी जागा मिळते की नाही, यावर सारे अवलंबून आहे. त्यामुळे एचपीव्ही चाचणीकडे वळणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमाने चाचणी किती अचूक आहे याच्या जोडीला, नमुना दिल्यापासून उपचार होईपर्यंत किती दिवस गेले आणि मधल्या प्रत्येक पायरीवर किती जणी उरल्या, हेही छापले पाहिजे. लुसाकाने १,४६१, १,०९५ आणि ७१५ हे आकडे स्वतःहून छापले, आणि केवळ म्हणूनच वर केलेला हिशोब शक्य झाला.